दारावरच्या गोडबोल्यापासून घरची वडीलधारी माणसं कशी जपाल?



पिकावर कीड येते ती ठरावीक हंगामात. घरच्या म्हाताऱ्या माणसांना फसवणाऱ्यांचाही असाच हंगाम असतो. सोयाबीन-कापूस विकून पैसे हाती आले, उसाचं बिल खात्यावर जमा झालं किंवा ‘पीएम-किसान’चा २,००० रुपयांचा हप्ता पडला, की गावात अनोळखी मोटारसायकली फिरू लागतात आणि घरोघरी फोन वाजू लागतात. वेळही बहुधा ठरलेली. सकाळी दहा ते दुपारी चार. त्या वेळी कर्ती माणसं रानात, मुलं शाळेत आणि ओसरीवर फक्त आजोबा-आजी.

बियाणं, खत, औषध यांविषयी आपण या कार्यक्रमातून नेहमी बोलतो. पण पुढच्या पेरणीसाठी ठेवलेला पैसाच घरातून निघून गेला, तर सुधारित बियाणं घेणार कशातून? म्हणून हा विषयही शेतीचाच समजावा.

वडीलधारी माणसं का फसतात?

‘म्हातारपणी अक्कल गेली,’ असं आपण पटकन बोलून जातो. ते बरोबर नाही. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दात बघितल्याशिवाय बैल घेतला नाही, तो माणूस भोळा नसतो. कारणं निराळी असतात.

पहिलं कारण शरीराचं. बारीक छपाई दिसत नाही, फोनवरचं नीट ऐकू येत नाही आणि तसं सांगायला संकोच वाटतो. दुसरं कारण सवयीचं. शब्दावर व्यवहार करण्यात त्यांची हयात गेली. हातात कागद आणि गळ्यात ओळखपत्र असलेला माणूस सरकारीच असणार, असं त्यांना वाटतं. तिसरं कारण घराला हातभार लावायच्या इच्छेचं. ‘पोराचं कर्ज फिटेल, दोन पैसे वाचतील,’ या आशेनं ते सही करतात.

चौथं कारण सर्वांत मोठं आहे, आणि ते आपल्याच घरात असतं. दिवसभर त्यांच्याशी कोणी बोलत नाही. दारावर आलेला विक्रेता मात्र अर्धा तास बसतो, गुडघ्याची चौकशी करतो, जुन्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकून घेतो. पुढे आजोबा त्याच्याकडून बाटली घेतात ती बऱ्याचदा या भिडेपोटी. हे ध्यानात घेतलं तर अर्धा उपाय आपोआप सापडतो.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

१) गाडीवरचं खत, टॉनिक आणि बियाणं. ‘कंपनीची जाहिरात आहे, फक्त आजच निम्म्या दरात,’ असं सांगून माल उतरवतात. पक्कं बिल देत नाहीत. बियाणं, खत आणि कीडनाशक विकायला परवाना लागतो आणि बिल देणं बंधनकारक आहे. टॉनिक म्हणून विकली जाणारी जैव-उत्तेजकंसुद्धा २०२१ सालापासून खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत आली आहेत. म्हणजे ‘हे खत नाही, टॉनिक आहे, याला परवाना लागत नाही,’ हे बोलणं खोटं समजावं. बियाण्याच्या पिशवीवर लॉट क्रमांक, उगवणशक्ती आणि तपासणीची तारीख असते. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. हे काही नसेल तर माल घरात घेऊ नये.

२) ‘मोफत तपासणी’चं शिबिर. देवळाच्या आवारात गुडघे, कंबर, साखर तपासतात आणि शेवटी चुंबकाचा पट्टा किंवा पुड्या हजारो रुपयांना गळ्यात मारतात. मधुमेहासारखे काही आजार हमखास बरे करतो, अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. पैशापेक्षाही मोठा धोका असा, की पुड्यांच्या नादी लागून म्हातारी माणसं रक्तदाबाची, साखरेची चालू गोळी बंद करतात.

३) अंगठ्याचा घोटाळा. आधारवर अंगठा लावून गावातच पैसे मिळतात, ही चांगली सोय आहे. पण ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा,’ असं म्हणत एखादा लबाड माणूस दोनदा पैसे काढतो आणि एकदाचेच हातात ठेवतो. शिधापत्रिका किंवा पेन्शनचं काम सांगून घरी येऊन अंगठा घेणारेही असतात. दर अंगठ्याला छापील पावती मागावी, व्यवहार झाला नाही असं सांगितलं तरी मागावी. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणावं. जे फक्त बँकेत जाऊन स्लिपवर पैसे काढतात, त्यांना आधारचा अंगठा ‘लॉक’ करून घेता येतो. मात्र रेशनच्या किंवा इतर कामाच्या वेळी तो उघडावा लागतो, हे लक्षात असू द्यावं. आधारविषयी चौकशीचा क्रमांक १९४७ आहे.

४) फोनवरचा साहेब. ‘केवायसी राहिली आहे, हप्ता बंद होईल,’ ‘सौर पंप मंजूर झाला, आधी एवढे भरा,’ असे फोन येतात. पीएम-किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल पाठवतात. ती उघडली की फोनचा ताबा आणि बँकेचा ओटीपी भलत्याच्या हाती जातो. अलीकडे पोलिसाच्या वेशात व्हिडिओवर येऊन ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाला सांगू नका,’ असं धमकावतात. अशी फोनवरची अटक आपल्या कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून हेच सांगितलं होतं.

५) साखळी आणि दामदुप्पट. ‘तुम्ही दोन सभासद करा, ते आणखी दोन करतील.’ अशा साखळी योजनांना १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे. या प्रकारात पैसा घ्यायला बहुधा ओळखीचाच माणूस येतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं.

६) कागदावरची सही. हा प्रकार सर्वांत महाग पडतो. ‘कर्जाची जामीनकी आहे’ म्हणून मुखत्यारपत्रावर, बक्षीसपत्रावर किंवा थेट खरेदीखतावर अंगठा घेतला जातो. सावकार कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून मागतात. आणि स्पष्टच सांगायचं, तर असा कागद पुढे करणारा पुष्कळदा परका नसतो, भाऊबंद किंवा घरचाच असतो.

ओळखायच्या खुणा

माल कोणताही असो, फसवणाऱ्याची तीन वाक्यं ठरलेली असतात. ‘आजच्या आज’, ‘घरी कोणाला सांगू नका’ आणि ‘आधी थोडे पैसे भरा’. यांतलं एक जरी कानावर पडलं तरी व्यवहार तिथेच थांबवावा.

घरातल्या माणसाकडेही लक्ष असू द्यावं. आजोबा फोन आला की उठून बाहेर जातात, पासबुक दाखवायला टाळतात, गोळ्या आणायला पैसे नाहीत म्हणतात, पलंगाखाली न वापरलेल्या बाटल्या निघतात, जेवण कमी होतं. झाडाचं पान पिवळं पडलं की आपण मुळाशी बघतो, तसं इथेही बघावं.

घरात करायची तजवीज

पहिली गोष्ट, ‘एका रात्रीचा’ नेम. दारावर किंवा फोनवर ठरलेल्या कोणत्याही व्यवहारात त्याच दिवशी पैसा, सही किंवा अंगठा द्यायचा नाही. हा नेम एकट्या आजोबांना लावू नका. घरातल्या प्रत्येकानं, कर्त्या मुलानंसुद्धा तो पाळावा. म्हणजे ‘मला लहान पोरासारखं वागवतात,’ असं त्यांना वाटणार नाही. उलट दारावरच्या माणसाला सांगायला त्यांना एक चांगलं वाक्य मिळतं: ‘आमच्या घरात रात्र गेल्याशिवाय व्यवहार होत नाही. उद्या संध्याकाळी सगळे असताना या.’ खरा विक्रेता दुसऱ्या दिवशी येतो. लबाड बहुधा परत येत नाही.

दुसरी गोष्ट, खाती वेगळी ठेवावीत. मोठी ठेव एका खात्यात, तिथे एटीएम कार्ड आणि फोनवरचे व्यवहार नकोत. रोजच्या खर्चापुरती रक्कम दुसऱ्या खात्यात. त्यातला पैसा त्यांनी कसा खर्चावा, हे त्यांना विचारू नये. हातात चार पैसे असणं हा म्हातारपणीचा मान आहे. ‘फसाल’ म्हणून त्यांचं पासबुकच काढून घेणं हा उपाय नव्हे, तो दुसरा अन्याय होईल.

तिसरी गोष्ट, जमिनीचे कागद. जे वाचून दाखवलं नाही त्यावर अंगठा नाही, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. दर सहा महिन्यांनी सातबारा काढून नावं तपासावीत. फेरफाराची नोटीस आली तर ती त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्यावी, कारण हरकत घ्यायला मुदत असते. मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावावर जमीन करून द्यायचीच असेल, तर ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट दस्तातच लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली, तर न्यायाधिकरणाकडून हस्तांतरण रद्द करून घेता येतं. महाराष्ट्रात हा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करतात. तोंडी वचनावर राहिलं तर पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

चौथी गोष्ट, रोजचा अर्धा तास. रानातून आल्यावर हातपाय धुवून त्यांच्याजवळ बसावं. आज कोण आलं होतं, कोणाचा फोन आला, हे चौकशीच्या सुरात न विचारता गप्पांच्या ओघात विचारावं. पेरणीत, बाजारभावात त्यांचा सल्ला घ्यावा. ज्याला घरात विचारलं जातं, त्याला दारावरच्या माणसाच्या गोड बोलण्याची ओढ कमी वाटते. या उपायाला एक पैचाही खर्च नाही.

फसवणूक झालीच तर

• फोन किंवा बँकेतून पैसे गेले असतील, तर त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावं. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्यानं हलवला जातो, म्हणून पहिले काही तास मोलाचे. उद्यावर ढकलू नये. बँकेलाही लेखी कळवून तारीख-वेळेसह पोच घ्यावी.

• बोगस बियाणं, खत, औषधाची तक्रार तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे करावी. रिकामी पिशवी, खूणचिठ्ठी, बिल आणि थोडं उरलेलं बियाणं जपून ठेवावं. पुरावा फेकला की तक्रार लंगडी पडते.

• इतर वस्तूंसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

• सावकारानं कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो.

• ज्येष्ठांना सल्ला आणि मदतीसाठी १४५६७, आणि तातडीचा धोका असेल तर पोलिसांचा ११२ हा क्रमांक आहे.

आणखी एक सावधगिरी. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर पुढे विकला जातो. काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फी भरा,’ असा फोन येतो. तो पहिल्या चोराचाच भाऊ समजावा.

रागावू नका

पैसे गेल्याचं कळलं की घरात आरडाओरडा होतो. ‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’ हे वाक्य चार माणसांसमोर निघतं. त्यानं गेलेला पैसा येत नाही. होतं एवढंच, की पुढच्या वेळी आजी गप्प बसते, आणि १९३० ला कळवायचे ते मोलाचे तास तिच्या गप्प बसण्यात निघून जातात. काही म्हातारी माणसं लाजेपोटी अन्नपाणी सोडतात, नको तो विचार मनात आणतात. अशा वेळी त्यांना एकटं ठेवू नये. ‘गेला तो पैसा. तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत,’ असं आधी बोलावं आणि मग फोन लावावा.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१) ‘आजच’, ‘सांगू नका’, ‘आधी पैसे’ म्हणजे लबाडी.
२) रात्र गेल्याशिवाय पैसा, सही, अंगठा नाही.
३) बिल आणि खूणचिठ्ठी नाही, तर माल नाही.
४) दर अंगठ्याला पावती, दर महिन्याला पासबुक, दर सहा महिन्यांनी सातबारा.
५) पैसे गेले की लगेच १९३०.
६) रोज अर्धा तास घरच्या वडीलधाऱ्यांसाठी.

हे पत्रक वाचून झाल्यावर घडी करून ठेवू नका. आज संध्याकाळी ओसरीवर बसून आजी-आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवा, आणि वरचे क्रमांक ठळक अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर लावा.