पडद्यावर ‘३३’ दिसत होतं, पण त्याचा अर्थ काय होता?

२० जानेवारी १९९२. एअर इंटर कंपनीचं एअरबस ए३२० विमान फ्रान्समधल्या लिऑनहून स्ट्रासबर्गला निघालं होतं. रात्रीची वेळ, विमान ऑटोपायलटवर. उतरायला थोडाच वेळ उरला असताना ते डोंगरावर आदळलं. ९६ पैकी ८७ जणांचा जीव गेला.

नेमकं काय झालं असावं?

या विमानात ऑटोपायलटला खाली उतरायला सांगण्याच्या दोन पद्धती होत्या. एक म्हणजे उताराचा कोन अंशांत सांगायचा. दुसरी म्हणजे दर मिनिटाला किती फूट खाली यायचं ते सांगायचं. दोन्हींसाठी फिरवायची खुंटी एकच आणि आकड्याची चौकटही एकच.

३.३ अंशांचा कोन असेल तर तिथे ‘-३.३’ दिसायचं. मिनिटाला ३,३०० फूट असेल तर ‘-३३’. शेवटची दोन शून्यं दाखवलीच जात नव्हती!

त्या वेगात ३.३ अंश म्हणजे मिनिटाला साधारण ८०० फूट. विमान मात्र त्याच्या चौपट वेगाने खाली आलं. वैमानिकांना कोन द्यायचा होता, पण मोड दुसराच होता, ही शक्यता चौकशीत भक्कम मानली गेली. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणाही या विमानात नव्हती.

मग चूक वैमानिकांची?

तसं म्हणून विषय संपवता आला असता. पण एकाच जागी जवळपास सारखे दिसणारे दोन आकडे असतील, तर दमलेला किंवा घाईत असलेला कुणीही फसेल. पुढे एअरबसने डिस्प्ले बदलला. ‘-३३’ ऐवजी पूर्ण ‘-३३००’ दिसू लागलं.

चांगला डिस्प्ले कसा असतो?

अमेरिकन संशोधक अर्ल वीनर यांनी १९८० च्या दशकात वैमानिकांचा अभ्यास केला. आधुनिक कॉकपिटमध्ये वैमानिकांना तीन प्रश्न पडत होते: हे काय करतंय? असं का करतंय? आता पुढे काय करणार?

स्वयंचलित यंत्राच्या पडद्याने या तिन्हींची उत्तरं एका नजरेत द्यायला हवीत. नुसता आकडा पुरत नाही. कोणता मोड चालू आहे आणि तो कधी बदलला, हेही ठळक दिसलं पाहिजे. वेमोच्या चालकविरहित टॅक्सीत प्रवाशासमोरच्या स्क्रीनवर आजूबाजूच्या गाड्या, पादचारी आणि टॅक्सीचा पुढचा मार्ग दिसतो, तो याचसाठी.

आपला काय संबंध?

आता भारतातल्या अनेक गाड्यांत ‘अडास’ आहे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसट झाले की लेन सांभाळणारी मदत थांबू शकते, आणि त्याची खूण बऱ्याचदा एका छोट्या चिन्हाचा बदललेला रंग एवढीच असते. ते चिन्ह तुमच्या गाडीत कुठे आहे आणि कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे हायवेवर जाण्याआधी मॅन्युअलमध्ये नक्की बघून घ्या.