रविवारचा पाव, उन्हाळ्याचा मसाला

वसई-आगाशीकडच्या एखाद्या कॅथलिक घरी रविवारी भल्या सकाळी न कळवता जाऊ नये. घरात बहुधा कुणी नसते, आणि असलेच तर ते केस विंचरत, मुलांना ओरडत देवळात निघालेले असते. चहासुद्धा मिळेलच याची खात्री नाही, कारण नाश्ता मिस्सेनंतर, म्हणजे देवळातल्या उपासनेनंतर. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर त्याआधी पोट रिकामे हवे, असा चर्चचा जुना दंडक आहे. एके काळी हा उपास मध्यरात्रीपासून सुरू व्हायचा आणि त्यात पाण्याचा घोटही चालत नसे. पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्ये पाण्याची मुभा दिली, १९५७ मध्ये अन्नाचा उपास तीन तासांवर आणला आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणून ठेवला.

नियम सैल झाला, सवय मात्र उरली. मिस्सा संपवून परतताना बेकरीतून पाव घ्यायचा, मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत उभे राहायचे, मुले धर्मशिक्षणाच्या वर्गातून सुटेपर्यंत चार ओळखीच्यांशी बोलून घ्यायचे आणि घरी येऊन मग स्वयंपाकाला हात घालायचा. आठवड्यातला हा एकच दिवस असा, की ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईचे लक्ष घड्याळाकडे नसते.

बाकीचे सहा दिवस विरार लोकलचे. विरार ते चर्चगेट साठेक किलोमीटर. नवरा-बायको दोघे नोकरीला असतील, तर पहाटे पाचला घरातला दिवा लागतो आणि साडेसहाला डबे भरलेले असतात. पण या भागाला घाई लोकलने शिकवली असे म्हणणे बरोबर नाही. इथले ख्रिस्ती मुळात शेतकरी, बागायतदार आणि कोळी. वाडीतली केळी, भाजीपाला, फुले मुंबईच्या बाजारात पहाटे पोचली पाहिजेत, तर निघायचे रात्रीच. सोनचाफ्याच्या टोपल्या घेऊन दादरला जाणाऱ्यांची पहाट मुंबईकरांच्या मध्यरात्रीला सुरू व्हायची. घरच्या बाईने दिवसा वाडीत राबायचे, विहिरीवर पाणी भरायचे, पोरे सांभाळायची आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचे. अशा घरात रोज ताजे वाटण आणि रोज नवा घाट परवडत नाही. म्हणून या स्वयंपाकाचा पायाच मुळी आधी करून ठेवण्यावर आणि टिकण्यावर रचलेला आहे. बाहेरचे लोक त्यातला मेजवानीचा भाग तेवढा पाहतात: नाताळचा केक, लग्नातले पोर्क. रोजचे घर कशावर चालते ते पाहायचे तर फळीवरच्या बाटल्या पाहाव्या लागतात.

उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा ‘बाटली मसाला’ प्रसिद्ध आहे. ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या समाजाने स्वतः घेतले. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोवेकर ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथले मूळचे, हे इंग्रज सरकारला कळावे हा त्यामागचा हेतू. त्या नावाखाली वांद्र्याच्या गावठाणांपासून गोराई, उत्तन आणि वसईपर्यंतचे नाना समाज येतात. त्यांच्या बोली वेगळ्या, लुगडी नेसण्याच्या तऱ्हा वेगळ्या. वसईच्या कुपारी समाजाची सामवेदी बोली ऐकली तर पुण्याच्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मेच कळेल. पण एप्रिल-मे महिन्यांत या सगळ्यांच्या गच्च्या आणि अंगणे सारखीच लाल दिसतात.

या मसाल्यात वीस ते तीस जिन्नस पडतात. रंगासाठी काश्मिरी आणि बेडगी, तिखटपणासाठी दुसरी एखादी मिरची. धणे, जिरे, हळद, मिरी, लवंग, दालचिनी, जायपत्री, नागकेशर, दगडफूल, खसखस, तीळ, मोहरी. शिवाय गहू आणि हरभऱ्याची डाळ. मसाल्यात गहू कशाला, असे कुणालाही वाटेल. पण भाजून कुटलेले हे धान्य रस्सा दाट करते, आणि त्यामुळे कामावरून दमून आलेल्या बाईला वेगळे वाटण लावायला लागत नाही. कांदा परतायचा, मसाला टाकायचा, मासळी किंवा भाजी सोडायची, शेवटी चिंच किंवा कोकम. अर्ध्या तासात कालवण तयार. आजच्या बाजारात ‘रेडी मिक्स’ म्हणून जे विकले जाते, ते या घरांनी उन्हात वाळवून, मंद आचेवर भाजून, लांब लाकडी मुसळांनी कुटून कधीच करून ठेवलेले आहे. कुटायला दोघी-तिघी समोरासमोर उभ्या राहत आणि आळीपाळीने मुसळ घालत. ताल जरा चुकला तर मुसळावर मुसळ. हा मसाला गडद तपकिरी रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत भरतात आणि काठीने ठासतात. गडद काच उजेड अडवते आणि ठासल्याने आत हवा राहत नाही, त्यामुळे रंग आणि वास वर्षभर टिकतो. प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचे. सासूचे प्रमाण सुनेला मिळते, शेजारणीला मिळेलच असे नाही.

आता बहुतेक मसाला कांडप यंत्रावर जातो. त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी मुसळ उचललेले नसते. यंत्राने चवीत थोडा फरक पडत असेलही; बायकांचे खांदे वाचले हा फायदा त्याहून मोठा आहे.

या टिकाऊ स्वयंपाकाचा दुसरा आधार म्हणजे शिरका, म्हणजेच व्हिनेगर. त्याची गोष्ट वसईच्या इतिहासात शिरते. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडून १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे पाच वर्षांत इथली गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. लांबच्या सफरीत मांस टिकावे म्हणून पोर्तुगीज ते द्राक्षाच्या दारूत आणि लसणात मुरवत. इथे द्राक्षाची दारू कुठून आणायची? पण ताडी-माडीची झाडे होती, त्यांचा आंबवलेला रस होता. त्या शिरक्यात पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली लाल मिरची वाटली गेली आणि इंदियाल झाले. गोव्यातल्या विंदालूचे हे सख्खे भावंड. पोर्तुगीज गेले, त्यांची भाषा ओसरली, किल्ला ओस पडला. इंदियाल राहिले. डुकराचे मांस आणि काळीज बारीक चिरून केलेले सोरपोतेलही याच घराण्यातले. या दोन्ही पदार्थांना केल्या दिवशी चव नसते. दोन-तीन दिवस, रोज एकदा गरम करत, ते मुरावे लागतात. फ्रिज घरात यायच्या कितीतरी आधी लग्नघराने ही सोय शोधून ठेवली होती: मोठे काम आधी उरकायचे आणि लग्नाच्या दिवशी फक्त वाढायचे.

त्या दिवशी ताजे तळायचे ते फुगे. मैदा, अंडी आणि नारळाचे दूध यांचे पीठ ताडीवर किंवा यीस्टवर फुगवायचे, मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून गोळा दाबून काढायचा आणि तेलात सोडायचा. सरावाच्या हाताने तो गोल येतो. नवशिक्याच्या हातून त्याला शेपटी येते आणि मग घरभर थट्टा होते. आतून पोकळ, किंचित गोड असा हा फुगा तिखट इंदियालबरोबर खातात. वाफवलेले सांदण आणि नारळाच्या दुधातली घावनासारखी पातळ चितापे ही तांदळाची लेकरे. रोजच्या ताटात मात्र भात, तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण, म्हणजे शेजारच्या हिंदू कोळ्याच्या किंवा आगऱ्याच्या घरी जे शिजते त्याहून फारसे वेगळे काही नाही.

वर्षाची आखणी मात्र चर्चची. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर, म्हणजे आपल्या सणांसारखीच चंद्रावर ठरणारी तिथी. त्याच्या शेहेचाळीस दिवस आधी राखेचा बुधवार. मधले रविवार वगळले की उपवासकाळाचे चाळीस दिवस उरतात. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या धडधाकट माणसाने एकच पोटभर जेवण घ्यायचे आणि मांस वर्ज्य. उपवासकाळातल्या इतर शुक्रवारीही मांस नाही. पुष्कळ घरे तर चाळीसही दिवस पाळतात, लग्ने काढत नाहीत, दारू बंद ठेवतात. २०२४ मध्ये राखेचा बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला आणि कॉलेजातल्या पोरापोरींची चांगलीच पंचाईत झाली. शुभ शुक्रवारी अनेक घरांत नुसती पेज असते. ईस्टर झाला की उपवास सुटतो आणि लगेच मसाल्याचे ऊन सुरू होते.

उन्हाचे एकच काम नसते. पावसाळ्याच्या तोंडावर, जून-जुलैमध्ये, यांत्रिक होड्यांची मासेमारी सरकारी आदेशाने बंद असते. त्या दिवसांसाठी सुके बोंबील, सोडे, जवळा भरून ठेवावा लागतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील लटकलेले दिसतात ते याच्याच तयारीत. आगाशी-नंदाखाल भागात राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. मधाच्या रंगाची ही सुकेळी एके काळी गाडीच्या प्रवासात हमखास बरोबर असायची. आता ती करणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. वाड्या जाऊन इमारती आल्या, टँकरसाठी विहिरी उपसल्या गेल्या. नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभारली ती याच पाण्यासाठी आणि जमिनीसाठी. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी वाचक त्यांना लेखक म्हणून ओळखतो. वसईकर मात्र आधी पाण्याची लढाई आठवतो.

सप्टेंबरच्या आठ तारखेला मारियामातेचा जन्मदिन. नऊ दिवस मुले फुले घेऊन देवळात जातात. भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद देण्याची रीतही याच सुमारास. ईस्ट इंडियन गावठाणांत ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ म्हणून साजरी होते. शेत उरलेले नाही अशा गावठाणातही लोंब्या कुठून तरी आणल्या जातात.

नाताळची तयारी डिसेंबर लागताच सुरू होते, आणि तिथेही कामाची वाटणी ठरलेली असते. रात्रीची जपमाळेची प्रार्थना झाली की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचे आणि सगळ्यांनी कुलकुल वळायला बसायचे. काट्याच्या किंवा स्वच्छ कंगव्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळली की शंखासारखी वळी तयार. हे काम आजोबांना जमते, सहा वर्षांच्या मुलालाही जमते. मोबाइल बाजूला ठेवण्याचा इतका खात्रीचा दुसरा उपाय नसावा. जोडीला करंज्या, नानकटाई, मार्झिपान, पेरूची वडी, रवा-नारळाचा केक. नाताळच्या सकाळी फराळाची ताटे शेजारी जातात. दिवाळीत आलेले ताट रिकामे परत करायचे नसते, त्याचा हिशेब इथे पुरा होतो.

आता ‘ख्रिस्ती स्वयंपाक’ म्हणजे हाच, असे कुणी समजेल तर तो नगरला जाऊन फसेल. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. तिथला मराठी प्रॉटेस्टंट बाजरीची भाकरी, ठेचा आणि आमटी खातो आणि नाताळला चिवडा, लाडू, करंज्या करतो. इंदियाल त्याच्या ऐकिवातही नसते. ताटात काय असेल ते जमीन ठरवते. पंथ फार तर वार ठरवतो. धर्म बदलला म्हणून स्वयंपाकघर लगेच बदलत नाही, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसतेच. त्यांचे पती रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळीच ठेवली होती.

वसईच्या घरात आज मुलगी रुग्णालयात परिचारिका असते, मुलगा आयटीत; एखादा दुबईत किंवा कॅनडात. परदेशी निघालेल्याच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला मसाला असतोच, फक्त बाटलीऐवजी आता हवाबंद पिशवीतून. कामाची विभागणी मात्र अजून पुरती बदललेली नाही. रविवारी मटण आणणारे पुरुष पुष्कळ, ते शिजवणारे कमी. नव्या पिढीतल्या काही घरांत हे बदलताना दिसते आणि ते बरे आहे. तीस जिन्नसांचे प्रमाण फक्त सुनेलाच का ठाऊक असावे?

बऱ्याच बायका हा मसाला जास्तीचा करून विकतात. कुणाला हवा असेल तर जूनमध्ये विचारून उपयोग नाही. मार्चमध्ये, मिरची बाजारात येते तेव्हा, वसईतल्या ओळखीच्या घरी सांगून ठेवावे आणि पैसे आगाऊ द्यावेत.