आमदारबाईंची सही कुठे लागते?

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातली नारनूर आणि गादीगुडा ही मंडलं विधानसभेसाठी आसिफाबाद मतदारसंघात मोडतात. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, मतदारसंघ मात्र तेच राहिले. त्यामुळे इथला कलेक्टर आदिलाबादला आणि आमदार आसिफाबादच्या. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या जागेवर कोवा लक्ष्मी २०१४ मध्ये निवडून आल्या, २०१८ मध्ये अवघ्या १७१ मतांनी हरल्या आणि २०२३ मध्ये पुन्हा जिंकल्या.

महिला आमदार बायकांच्या हक्कांसाठी काय करते, असं विचारलं की सभागृहातलं भाषण आठवतं. गावातल्या घराशी तिचा संबंध येतो तो बहुतेकदा ‘कल्याण लक्ष्मी’च्या अर्जामुळे. २ ऑक्टोबर २०१४ पासून तेलंगण सरकार गरीब घरच्या मुलीच्या लग्नाला मदत देतं. आधी ५१,००० रुपये मिळायचे, २०१७ मध्ये ७५,११६ झाले आणि २०१८ पासून १,००,११६.

यातल्या दोन अटी महत्त्वाच्या. लग्नाच्या दिवशी मुलीला अठरा वर्षं पूर्ण झालेली हवीत. आणि चेक निघतो तो मुलीच्या आईच्या नावावर. वयाच्या अटीमुळे लवकर लग्न उरकणाऱ्या घराला थांबण्याचं कारण मिळतं. दुसरीमुळे लाखभराची रक्कम घरातल्या बाईच्या खात्यावर येते.

अर्ज मीसेवा केंद्रातून ऑनलाइन भरायचा. मुलीचं, नवऱ्या मुलाचं आणि आईचं आधार, वयाचा पुरावा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आईचं पासबुक एवढं लागतं. तहसीलदार चौकशी करतात, मग अर्ज आमदारांच्या मंजुरीला जातो. पुढे आरडीओ (महसूल विभागीय अधिकारी), ट्रेझरी आणि शेवटी चेक.

गाडी अडते ती सहसा पहिल्याच टप्प्यावर. मुलीचा जन्म घरी झाला असेल आणि नोंदच नसेल, तर वय सिद्ध करताना दमछाक होते. आईचं माहेर महाराष्ट्रातल्या किनवट-जिवतीकडचं असलं, तर जुन्या मराठी कागदावरचं नाव आणि इथल्या तेलुगू नोंदीतलं नाव जुळवावं लागतं.

आमदाराच्या सहीलाही मर्यादा आहे. सोळाव्या वर्षी लग्न लावणारं घर अर्जच करत नाही, म्हणजे ते तिच्या टेबलापर्यंत येतच नाही. तिथे २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा कामी येतो. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करून लग्न थांबवता येतं. झालंच, तर मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेता येतं. हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं.

चेकवाटपाच्या कार्यक्रमात किती चेक दिले ते माइकवरून सांगितलं जातं. वयाच्या पुराव्यापायी आणि नावातल्या फरकापायी किती अर्ज तहसीलमध्ये पडून आहेत, हेही तिथेच आमदारबाईंना विचारावं. तहसीलदाराकडून ती यादी मागवणं त्यांना अवघड नाही.