पाण्यावरची झळाळी आणि पाण्याचा रंग

पाणी, काच किंवा ओला डांबरी रस्ता यांवर तिरपा पडलेला प्रकाश परत फिरतो, तेव्हा त्याच्या लहरींची कंपने सर्व दिशांना सारखी राहत नाहीत. पृष्ठभागाला समांतर असलेली कंपने अधिक परावर्तित होतात आणि इतर कंपनांचा मोठा वाटा आत शिरतो. कंपनांच्या या निवडीला ध्रुवण म्हणतात. १८०८ मध्ये फ्रान्सच्या मालूस याने हे ओळखले आणि १८१५ मध्ये स्कॉटलंडच्या ब्रूस्टर याने त्याचा नियम मांडला: परावर्तित आणि आत शिरून वळलेला असे दोन किरण परस्परांशी काटकोन करतात, तेव्हा परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित असतो.

प्रकाश ज्या कोनात पडल्यावर असे घडते तो ध्रुवण कोन पाण्यासाठी लंबापासून ५३ अंशांचा, म्हणजे सूर्य क्षितिजापासून ३७ अंश वर असतानाचा होय. सोलापूर–विजयपूर रस्त्यावरील मंद्रूपच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास ही स्थिती सकाळी सव्वानऊच्या आणि दुपारी तीनच्या आसपास येते. अशा वेळी हत्तरसंग कुडल येथे सीना–भीमेच्या संगमावर उभे राहून सूर्याच्या दिशेचे संथ पाणी ध्रुवक काचेतून, म्हणजे एकाच दिशेची कंपने पुढे सोडणाऱ्या काचेतून पाहिले, तर काच फिरवता फिरवता एका स्थितीत डोळे दिपवणारी चकाकी जवळजवळ नाहीशी होते आणि पाण्याच्या आतून येणारा प्रकाश तेवढा उरतो. काच आणखी काटकोनात फिरवली की चकाकी पुन्हा उफाळते.

वरचा प्रकाश वगळून आतला पाहण्याच्या या साध्या युक्तीचा सर्वांत देखणा उपयोग चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. १९२१ मध्ये इंग्लंडहून ‘नारकुंडा’ जहाजाने परतताना रामन यांनी निकोल लोलक, म्हणजे एकाच दिशेची कंपने पुढे जाऊ देणारा स्फटिक, ध्रुवण कोनात धरून आकाशाचे प्रतिबिंब पुसून टाकले. निळाई मात्र गेली नाही, उलट अधिक गडद झाली. रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा आहे, हा निष्कर्ष त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाला कळवला आणि त्या पत्रावर स्थळ होते मुंबई बंदर, दिनांक २६ सप्टेंबर. १९२८ च्या ‘रामन परिणामा’च्या शोधाच्या आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकाच्या झगमगाटात हे पत्र मागे पडते, ही खेदाची गोष्ट आहे. कारण द्रवांतील विकिरणाच्या ज्या अभ्यासातून पुढचा शोध निघाला, त्याची सुरुवात येथेच आहे.

चष्मे आणि कॅमेऱ्याचे फिल्टर हे या तत्त्वाचे रोजचे उपयोग. चष्म्यातील ध्रुवक उभी कंपने पुढे सोडतो, म्हणून ओल्या रस्त्याची आणि पाण्याची आडवी चकाकी अडते. स्टीलच्या भांड्याची चमक मात्र फारशी कमी होत नाही, कारण धातूवरील परावर्तनात असे ध्रुवण घडत नाही.

उन्हाळ्यात मंद्रूपच्या रस्त्यावर दिसणारे मृगजळही ध्रुवकाला फसवू शकत नाही. तेथे पृष्ठभाग नसतोच, तापलेल्या हवेच्या थरांतून प्रकाश हळूहळू वळतो. त्यामुळे पाण्याची खूण असलेले आडवे ध्रुवण मृगजळात निर्माण होत नाही. पाण्यात अंडी घालणाऱ्या अनेक कीटकांचे डोळे याच खुणेवर विसंबतात. म्हणून ते मृगजळाकडे वळत नाहीत, पण गुळगुळीत काळे डांबर आडवा ध्रुवित प्रकाश परतवत असल्याने मेफ्लाय नावाचे कीटक कोरड्या रस्त्यावरही अंडी घालतात, असे हंगेरीतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले.