हळकुंड मोडल्याचा आवाज

माझी पहिली औद्योगिक सहल १९९४ ची. सांगलीहून एस.टी.नं चाळीस मुलं दलाल स्ट्रीटला नेली होती. शेअर बाजाराच्या रिंगणात दलाल हात उंचावून ओरडत होते आणि त्या गलक्यातूनच भाव ठरत होता. मुलं थक्क होऊन पाहत होती. पुढच्याच वर्षी, मार्च १९९५ मध्ये, तिथे 'बोल्ट' ही संगणकप्रणाली आली. त्यानंतरच्या सहलीत मुलांना दिसले ते पडदे आणि त्यावरचे आकडे. माहितीपत्रकं घेऊन आम्ही परतलो. परतीच्या वाटेवर एका मुलानं विचारलं, "सर, भाव ठरवतं कोण?" मला त्याला दाखवायला काही उरलं नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं, दाखवण्यासारखं सगळं तर घराजवळच होतं! फेब्रुवारीपासून सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक वाढते. दरवर्षी याच दिवसांत मी मुलांना सौद्याला नेऊ लागलो. पोतं फोडलं की खरेदीदार मूठभर माल उचलतो, रंग बघतो, वास घेतो आणि हळकुंड मोडतो. चांगलं वाळलेलं हळकुंड खणकन् मोडतं. ओलं असेल तर तो आवाज येत नाही. मागणी-पुरवठ्याचा आलेख मी फळ्यावर शंभरदा काढला असेल, पण एकाच दिवशी आलेल्या दोन पोत्यांना वेगळा भाव का, हे त्या आवाजानं शिकवलं.

एका वर्षी वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची हळद सौद्याला होती. तिनं विक्रीच्या हिशेबाची पट्टी उघडून हमाली, तोलाई अशी एकेक वजावट मुलांना वाचून दाखवली. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. माझ्या कुठल्याच तासाला वर्ग इतका शांत नव्हता.

तिथून आम्ही हरिपूरला जायचो, पेवं पाहायला. तोंड अरुंद, आत रुंद होत गेलेली ही जमिनीतली कोठारं. त्यांत हळद टिकायची आणि शेतकऱ्याला भाव चढेपर्यंत थांबता यायचं. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा जीव घेते. साठवण म्हणजे जोखीम, हे मुलांना तिथे कळायचं. २००५ च्या महापुरात कित्येक पेवांत पाणी शिरलं. त्यानंतरच्या सहलींत आम्ही गोदामंच पाहिली.

२००४ मध्ये एनसीडीईएक्स या वायदेबाजारात हळदीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, सुरू झाले होते. मुलं आता मोबाइलवर वायद्याचा भाव बघत सौद्याला उभी राहायची आणि दोन भावांत फरक का, म्हणून अडत्यांना भंडावून सोडायची. ते प्रश्न मला फार आवडायचे. १९९४ च्या मुलांना ते सुचले नसते.

याच काळात कॉलेजांच्या सहली वातानुकूलित सभागृहांकडे वळल्या. कंपनीचा अधिकारी स्लाइड दाखवतो, चहा होतो, प्रमाणपत्र मिळतं. त्या दिवसात मुलं एकही वस्तू हातात घेत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२० मध्ये तर सहल व्हिडिओवर झाली. पडद्यावर हळद पिवळीधमक दिसत होती. एका मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, "सर, यांना एक हळकुंड मोडायला सांगा ना."