डंपरभर पाणी

एप्रिल सरत आला की वसई-विरारच्या नाल्यांत पोकलेन उतरतात. काठावर काळ्या गाळाचे ढीग लागतात, त्यांतून पिशव्या, थर्माकोल, फाटक्या चपला आणि करवंट्या डोकावतात. दोन-चार दिवसांनी डंपर येतो आणि ढीग उचलला जातो. कधी नाही उचलला जात. 'इतके टन गाळ काढला' असा आकडा छापून येतो. त्या टनांमध्ये माती किती आणि पाणी किती, हे मात्र कुणी विचारत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

नुकत्याच उपसलेल्या गाळात वजनाने साठ-सत्तर टक्के पाणी सहज असतं. सत्तर धरू. दहा टनांच्या डंपरमध्ये माती आणि कचरा मिळून तीन टन, बाकी सात टन पाणी. हाच गाळ ४० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला तर आतले तीन टन तेवढेच राहतात, पण एकूण वजन पाच टनांवर येतं. फेऱ्या निम्म्या, डिझेल निम्मं, आणि डंपरच्या फाळक्यातून रस्ताभर गळणारी काळी धार जवळपास बंद. आता पैसेच वजनावर मिळत असतील, तर गाळ वाळवायची घाई कुणाला असणार? मुंबईत गाळ वजनकाट्यावर मोजला जातो. मिठी नदीतून गाळ काढण्याच्या कंत्राटांतल्या कथित गैरव्यवहाराबद्दल तिथल्या पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये गुन्हाही नोंदवला. त्याचा निकाल न्यायालय लावेल. पण काट्यावर कुणी लबाडी केली नाही, तरी पाण्याचं वजन मातीच्या भावाने जाणारच.

मग पाणी निथळू द्यावं, एवढं साधं उत्तर का पुरत नाही? कारण गाळ म्हणजे वाळू नव्हे. पाण्यात पडलेला कण किती वेगाने तळाशी जाईल, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. ०.०६ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण एक मीटर खाली जायला पाचेक मिनिटं घेतो. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतराला तीन दिवस लावतो. कोकण किनाऱ्याला येणारी माती दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची, तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर. त्यांचे थर पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरून बसतं. ढिगाच्या फटींतलं मोकळं पाणी एक-दोन दिवसांत वाहून जातं. हे आत शिरलेलं पाणी नुसत्या उतारावर ठेवून निघत नाही.

वसईत त्यात खाडीची भर पडते. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची, पश्चिमेला समुद्र. डोंगरातून धावत आलेलं पाणी सपाटीवर एकदम मंदावतं आणि जड कण टाकून देतं. बारीक कण पुढे तरंगत जातात, कारण त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर सारतात. खाडीचं खारं पाणी भेटलं की त्यातले सोडियम, मॅग्नेशियमचे आयन हा भार झाकतात. मग कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि खाली बसतात. म्हणून नाला सर्वांत जास्त भरतो तो खाडीच्या तोंडाशी, म्हणजे नेमका जिथून पाणी बाहेर पडायला हवं तिथे. प्राचीन सोपारा बंदराच्या ऱ्हासामागेही खाडी गाळाने भरत गेली, हे एक कारण मानलं जातं. जुलै २०१८ मध्ये रेल्वेरूळ पाण्याखाली गेले, मिठागरात माणसं अडकली, तेव्हा पुराचा अभ्यास करायला महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईकडे धाव घेतली. भरती आणि मुसळधार एका वेळी आली की तोंड बुजलेला नाला उलटा भरतो, हे मात्र नालासोपाऱ्यात तळमजल्यावर राहणाऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही.

वाळवण्याचा हिशेबही करून बघा. मे महिन्यात किनाऱ्यावर दिवसाला साधारण पाच-सात मिलिमीटर पाणी हवेत उडतं, तेही पृष्ठभाग ओला असेपर्यंत. मीटरभर उंचीच्या ढिगाला वरून टणक पापुद्रा धरतो आणि आतला गाळ महिनाभराने फोडला तरी ओलाच निघतो. तोच गाळ वीत-दीड वीत जाडीने पसरून अधूनमधून उलटला तर तीन-चार आठवड्यांत काम होतं. पण त्याला जागा हवी आणि काम मार्चमध्ये सुरू व्हायला हवं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोचला, नोंदी सुरू झाल्यापासून सर्वांत लवकर. अशा वर्षी काठावर वाळत टाकलेला गाळ पहिल्या सरीत पुन्हा नाल्यात जातो आणि उपशाचे पैसे दोनदा मोजावे लागतात. जागाच नसेल तर दुसरा मार्ग आहे. पातळ गाळात पॉलिमर मिसळून तो विणीच्या कापडाच्या मोठ्या नळ्यांत पंपाने भरायचा. कण गुठळ्या होऊन आत राहतात, पाणी विणीतून झिरपतं. खाडी जे फुकट करते, तेच इथे पैसे देऊन. महाग वाटतं खरं, पण सात टन पाणी वाहून नेणं काही फुकट नाही.

गाळाचा काळा रंग लोह सल्फाइडचा. प्राणवायू संपलेल्या तळात जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, कुजक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचाच. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो. दहा लाखांत शंभर भाग झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असा समज इथे जीव घेतो. एप्रिल २०२४ मध्ये विरारमधल्या एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत उतरलेले चार कामगार दगावले. माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पण खासगी सफाईवाल्याला दोरी, बादली आणि मजूर स्वस्त पडतात.

उपसलेला गाळ हवेत तपकिरी होऊ लागतो, म्हणजे सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं. त्यातून आम्ल तयार होतं आणि सल्फाइडने धरून ठेवलेलं जस्त, तांबं, शिसं सुटं व्हायला लागतं. म्हणून गाळ कुठून आला हे महत्त्वाचं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतला गाळ शेतात पडतो ते योग्यच. वसईच्या वाडीतल्या बावखलाचा, म्हणजे छोट्या तळ्याचा, गाळही केळीच्या बुंध्याशी शोभतो. वालीव, सातिवलीच्या कारखान्यांमागच्या गटारातल्या गाळाला तो मान देता येणार नाही. तो आधी तपासायला हवा आणि घातक निघाला तर तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जायला हवा. दोन्ही गाळ एकाच डंपरमध्ये गेले की चांगलाही बिघडला.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्या गटारांतला गाळ घनकचऱ्याच्या व्याख्येतच घातला. तेव्हा त्याची सोय लावणं हे पालिकेचं काम. आधीच भरलेल्या गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर ओला गाळ ओतणं म्हणजे तिथे आणखी काळं पाणी तयार करणं. त्याऐवजी चाळणी आणि धुलाई करता येते. प्रदूषकं मुख्यतः बारीक कणांना चिकटतात, कारण त्यांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने प्रचंड. धुतलेली वाळू भरावाला वापरता येते, प्लास्टिक वेगळं निघतं आणि विल्हेवाट लावायला उरतो तो लहानसा चिकट भाग.

एक उलटं उदाहरणही वसईतच आहे. औद्योगिक गाळ्यांच्या छपरांवरच्या पन्हळी पावसाआधी साफ होतात. पाला, धूळ, शेवाळ, कबुतरांची विष्ठा, पत्र्याचं जस्त असा तो लगदा फावड्याने खाली, थेट गटारात ढकलला जातो आणि नालेसफाईत पुन्हा भेटतो. छप्पर जुन्या सिमेंट पत्र्याचं असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतूही असतात. इथे पाणीच आपल्या बाजूचं, कारण ओले तंतू उडत नाहीत, वाळले की श्वासात जातात. म्हणून पन्हळीतला लगदा सुकू द्यायचा नाही, झाडायचा नाही. पाणी शिंपडून, ओला असतानाच जाड पिशवीत भरायचा, तोंड बांधायचं आणि शिडीवरून खाली आणायचा.