एक दलघमीच्या आत

पाऊस लांबला की अंबाजोगाईत जो तो दलघमीत बोलू लागतो. धनेगावच्या मांजरा धरणात आज किती दलघमी, मृतसाठ्याच्या वर किती उरलं, नळाला किती दिवसांआड पाणी येणार, हे सगळं त्याच मापात. मांजराची एकूण क्षमता सुमारे २२४ दलघमी. एक दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, १०० कोटी लिटर, हे पाठ असलं, तरी तो आकडा डोळ्यांपुढे काही उभा राहत नाही.

त्यासाठी आपल्याच भागातलं माप घेऊ. २०१६ साली मांजरा कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या ‘जलदूत’ गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी ५ लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका फेरीत २५ लाख लिटर. सगळ्या फेऱ्यांची बेरीज साधारण २६ कोटी लिटर. देशभर गाजलेल्या त्या सगळ्या गाड्यांनी मिळून जेवढं पाणी आणलं, ते एक दलघमीच्या जेमतेम पाव हिस्सा भरतं.

आता शेततळ्याकडे या. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, आतले उतार धरून, २,१९६ घनमीटर पाणी घेतं. म्हणजे जवळपास २२ लाख लिटर, ४४ वाघिणी. एका सातबाऱ्यावर, एका शेतकऱ्याच्या मालकीच्या! खड्डा जमिनीत खोदलेला असेल तर फुटायला काही नसतंच. तिथला खरा धोका अस्तराचा आहे. प्लास्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, पोहता येणाऱ्यालाही काठ चढता येत नाही, आणि दर उन्हाळ्यात पोरं त्यात जीव गमावतात. साधा दोर आणि कुंपण एवढ्यानं टळणारी ही गोष्ट आहे. पण खोदलेली माती काठावर रचून पाणी जमिनीच्या वर साठवलं, किंवा ओढ्यावर बांध घातला, की ते मातीचं धरण झालं. मालक त्याला तळं म्हणो की बंधारा.

धरण सुरक्षा अधिनियम २०२१ मध्ये आला. धरण सरकारचं, कंपनीचं की खासगी माणसाचं, हा भेद तो करत नाही. तो आकार बघतो. १५ मीटरपेक्षा उंच धरण थेट कायद्याखाली येतं. उंची १० ते १५ मीटर असेल तर आणखी काहीतरी लागतं: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान एक दलघमी, किंवा पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, नाहीतर पाया विशेष अवघड किंवा संकल्पन नेहमीपेक्षा निराळं. १० मीटरच्या आतलं धरण या कायद्याच्या हिशेबात नाही. साठ्याच्या अटीत बसायला ४५६ शेततळ्यांचं पाणी एका ठिकाणी हवं.

ऐकायला हे पुरेसं वाटतं. म्हणून अमेरिकेतलं एक धरण या पट्टीला लावून पाहू. जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ फॉल्सचं केली बार्न्स धरण मातीचं होतं आणि एका बायबल कॉलेजच्या मालकीचं. उंची साधारण १२ मीटर, माथा सव्वाशे मीटरच्या आत, पाणी सुमारे ०.७८ दलघमी. लांबी, साठा, विसर्ग या आपल्या तिन्ही आकड्यांच्या आतलं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास ते फुटलं. खाली कॉलेजची वसाहत झोपेत होती. ३९ माणसं गेली.

त्या लोंढ्याचा अंदाजे सर्वोच्च विसर्ग होता सेकंदाला ६८० घनमीटर, म्हणजे ६.८ लाख लिटर. पन्नास वाघिणींची आख्खी ‘जलदूत’ पावणेचार सेकंदांत रिकामी. आणि लगेच दुसरी, तिसरी. त्या तलावात अशा सुमारे ३१० गाड्यांचं पाणी होतं. लातूरला आलेल्या एकूण पाण्याच्या तिप्पट.

एवढ्याशा भिंतीमागे हा जोर कुठून येतो? पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गानं वाढतो. ३ मीटर पाणी अडवणाऱ्या बांधाच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेचार टन रेटा असतो. पाणी १२ मीटर झालं की तो ७२ टन होतो. उंची चौपट, रेटा सोळापट. शिवाय मातीचं धरण काँक्रीटसारखं तडकून थांबत नाही. माथ्यावरून पाणी गेलं किंवा पोटातून झिरपा सुरू झाला, की पाणी माती घेऊन जातं, भोक मोठं होतं, आणि मोठ्या भोकातून आणखी पाणी येतं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून वीसहून अधिक जण वाहून गेले, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. खेकडे, घुशी मातीत बिळं करतात हे खरंच आहे. पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, आणि ती काही खेकड्यांकडे केली नव्हती.

धरणाच्या धोक्याचा वर्ग ठरवायची रीत मात्र उंचीवर थांबत नाही. ‘कमी धोका’ म्हणजे धरण मजबूत, असा समज सगळीकडे आढळतो. तो चूक आहे. हा वर्ग भिंतीची तब्येत सांगत नाही. भिंत गेलीच तर खाली कोण सापडेल, एवढंच सांगतो. तब्येतीची तपासणी वेगळी. त्यामुळे धरणाचा एक दगडही न हलता त्याचा वर्ग बदलू शकतो. खालच्या माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या, शाळेची खोली उभी राहिली, की तेच धरण जास्त धोक्याचं झालं. आणि हा प्रश्न फक्त सरकारी धरणांचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत नव्वद हजारांहून अधिक धरणं आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक खासगी मालकीची. केनियात सोलाई इथं एका खासगी मळ्याचं मातीचं धरण ९ मे २०१८ ला फुटलं, तेव्हा चाळीसहून अधिक माणसं मेली.

शेवटचा हिशेब सांडव्याचा. भारतीय मानक ११२२३ प्रमाणे ०.५ ते १० दलघमीचं धरण लहान, आणि त्याचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी धरायचा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकलं की आपण नातवंडांवर सोपवून मोकळे होतो. पण तसा पूर दर वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते, आणि ती साठत जाते: पन्नास वर्षांत निदान एकदा तो येण्याची शक्यता ३९ टक्क्यांहून जास्त, शंभर वर्षांत ६३. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळी कामांवर हातांनी माती टाकून केलेल्या पाझर तलावांनी पन्नाशी ओलांडली आहे.